एकाच रुग्णाचे दोन कागद



आज संध्याकाळी घरी गेल्यावर एक साधा प्रयोग करून पाहा. आपला डावा हात रुमालाने कमरेपाशी सैलसर बांधून घ्या आणि तासभर तसेच राहा. कळण्याची भाकरी मोडून खा, सदऱ्याची गुंडी लावा, वहीवर पट्टी ठेवून रेघ मारा. पहिली दहा मिनिटे तुम्ही चिडाल. मग एक गंमत होईल. पट्टी तुम्ही वहीखाली दाबून ठेवाल, गुंडी धाकट्या बहिणीकडून लावून घ्याल, भाकरी आईलाच कुस्करून द्यायला सांगाल. तास संपताना बांधलेल्या हाताची आठवणही फारशी राहणार नाही. अवघ्या एका तासात ही गत! मग हाच हात सहा महिने बांधलेला राहिला तर?

माझ्या थोरल्या काकांचा डावा हात कोणी बांधला नव्हता. शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या आमच्या गावी ते कापूस आणि केळी करीत. काही वर्षांपूर्वी ऐन वेचणीच्या दिवसांत, सकाळी परसातून घरात येताना, मागच्या दाराच्या पायरीवर ते कोसळले. आमच्याकडे याला 'लकवा मारला' म्हणतात, पुस्तकात पक्षाघात म्हणतात. मेंदूच्या उजव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, म्हणून शरीराची डावी बाजू लुळी पडली. मेंदूचा उजवा अर्धा भाग डाव्या बाजूचा कारभार पाहतो हे तुम्ही शिकलाच आहात. शिरपूरहून धुळे सुमारे पन्नास किलोमीटर. तेथे उपचार झाले, जीव वाचला आणि काका घरी आले.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. पहिले काही आठवडे चुलतभाऊ त्यांना रिक्षात घालून नेई. हात खांद्यातून उचलू लागला, मूठ अर्धी मिटू लागली. पण एक गोष्ट आम्हाला कळत नव्हती. उपचाराच्या टेबलावर हलणारा हात घरी आल्यावर मांडीवर निमूट पडून राही. पाण्याचा पेला सून तोंडाला लावी, सदरा मुलगा चढवी. काका म्हणत, "हाऊ हात आते मना नई शे." पुढे त्यांनी जाणेच बंद केले. व्यायामाच्या कागदावर शेवटचा शेरा पडला : 'रुग्ण सहकार्य करीत नाही.' घरच्यांनी त्याला आळस म्हटले. भेटायला येणारा प्रत्येक जण 'मन खंबीर ठेवा' असे सांगून चहा पिऊन गेला. मी स्वतः मास्तर असल्यामुळे त्यांना प्रयत्नांच्या महतीवर लांबलचक व्याख्यान दिले. त्याची आज मला लाज वाटते.

लाज वाटण्याचे कारण असे, की डोळ्यांसमोर असलेली एक खूण मला दिसली नाही. त्या वर्षी काकांनी कापसाचा भाव विचारला नाही! खानदेशातला कापूस पिकवणारा माणूस वेचणीच्या दिवसांत भाव विचारीत नाही, म्हणजे काहीतरी फार बिघडले आहे, एवढे तरी कळायला हवे होते. त्यांना झोप लागत नव्हती, जेवण दोन घासांवर आले होते, नातवंडे समोर खेळत असली तरी नजर भिंतीवर असे. ही सर्व लक्षणे नैराश्य नावाच्या आजाराची आहेत. पक्षाघात झालेल्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी हा आजार गाठतो. हात गेला म्हणून वाईट वाटते एवढाच त्याचा अर्थ नाही. मेंदूला झालेल्या इजेचाही त्यात वाटा असू शकतो. आणि हिशेब सरळ आहे. नैराश्य आले की व्यायाम थांबतो, व्यायाम थांबला की सुधारणा थांबते, सुधारणा थांबली की नैराश्य वाढते. मेंदूची सावरण्याची गती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते. नेमके तेच महिने काकांच्या हातून, खरे म्हणजे आम्हा सर्वांच्या हातून, निसटले.

फिजिओथेरपिस्टची चूक होती का? मला तसे वाटत नाही. स्नायू आणि सांधे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी नीट केले. मनाचे काम दुसऱ्या कोणाचे तरी होते, आणि तो दुसरा कोणी तेथे नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे, की शरीराला चालवायला शिकवणारा तज्ज्ञ आणि मनाचा अभ्यास करणारा तज्ज्ञ हे दोघे एकाच रुग्णाशेजारी एका वेळी उभे राहिले पाहिजेत. मोठ्या शहरांतील थोड्याच संस्थांत नव्हे, तर आपल्या तालुक्यातसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, हात हलवण्यात मानसशास्त्रज्ञाचे काय काम? तर ऐका.

एडवर्ड टॉब हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माकडाच्या एका हाताकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या, तर माकड तो हात वापरणे सोडून देते, हे जुन्या शास्त्रज्ञांना ठाऊक होते. हात हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही! संवेदनेवाचून हालचाल होऊच शकत नाही, असा अर्थ त्यांनी काढला होता. टॉब यांनी माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. आणि काय आश्चर्य, माकड तो 'मेलेला' हात वापरू लागले. म्हणजे हात मेला नव्हताच. इजेनंतरच्या सुरुवातीच्या काळात माकडाने तो पुन्हा पुन्हा वापरून पाहिला, प्रत्येक वेळी अपयश आले, दुसऱ्या हाताने काम भागले, आणि 'हा हात निरुपयोगी आहे' हे ते शिकले. पुढे नसांची स्थिती सुधारली तरी शिकलेला धडा तसाच राहिला. टॉब यांनी याला शिकलेला अ-वापर म्हटले. (त्यांच्या प्रयोगशाळेत माकडांना कसे वागवले जाते यावरून १९८१ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले. तो प्रश्न विचारला गेला हे योग्यच झाले, असे मी मानतो.)

पुढे हीच कल्पना माणसांसाठी वापरली गेली. रुग्णाच्या चांगल्या हातात जाड हातमोजा घालायचा आणि जागेपणीच्या बहुतेक वेळात दुबळ्या हातानेच कामे करायला लावायची. शिवाय दोन आठवडे रोज काही तास सराव. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने लोटले होते. या उपचाराने त्यांच्या हाताचा वापर लक्षणीय सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता. मनगट आणि बोटे थोडीतरी हलत असतील तरच हा उपचार चालतो, हे मात्र ध्यानात ठेवा. ही बातमी वाचून घरच्या आजोबांचा चांगला हात बांधायला धावू नका.

पाहा, कल्पना मानसशास्त्रज्ञाची, आणि ती रोज प्रत्यक्षात आणतात फिजिओथेरपिस्ट. माझ्या काकांचा हात त्या माकडाच्या हातासारखाच होता. 'हाऊ हात मना नई शे' या वाक्यात टॉब यांचे सारे संशोधन आले आहे. फक्त ते ऐकून ओळखणारे कोणी तेथे नव्हते. आणि आम्ही प्रेमाने त्यांच्या तोंडाला पेला लावून तो धडा रोज पक्का करीत होतो.

आणखी एक उदाहरण तुमच्या शेतातले घ्या. कापसाची गाठोडी उचलताना कंबर धरते. दुखणे काही आठवड्यांत बरे व्हायला हवे, पण काहींच्या मनात भीती बसते : वाकलो तर मणका सरकेल. मग माणूस वाकत नाही, उचलत नाही, चालणेही कमी करतो. वापर नसल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात, थोड्या श्रमाने दुखू लागते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. येथे दुखणे खोटे नाही आणि माणूस ढोंगी नाही. या चक्रातून बाहेर काढायला व्यायाम हवा आणि भीतीवर उपचारही हवा. नुसते मलम किंवा नुसता उपदेश पुरत नाही.

ही जोडी काही आज सुचलेली नव्हे. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्या काळी अशा रुग्णांची आशाच सोडून दिली जाई. पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात जंतू शिरत आणि बरेच जण मरत. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलण्याचा कडक नियम केला. हा झाला शरीराचा भाग. पण त्याबरोबर त्यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशा कामांना लावले आणि खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले. त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते.

आणि त्या स्पर्धांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी 'इच्छाशक्तीचा विजय' म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटते. इच्छाशक्ती होतीच. पण पाण्यात उतरवणारे कोणीतरी होते, तलाव होता, वेळ होता, आणि हरलेल्या खेळाडूला पुन्हा खेळाडू करण्याची रीत तेथील माणसांना माहीत होती. हे सगळे वगळून नुसती इच्छाशक्ती सांगितली, की जो अंथरुणावर पडून आहे त्याच्या माथी आणखी एक दोष येतो : तुझ्यातच जिद्द नाही! मन म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. तुटलेली नस नुसत्या विचाराने जुळत नाही. मनाचे नियम असतात, ते अभ्यासावे लागतात, जसे स्नायूंचे अभ्यासावे लागतात.

आपल्या राज्याचा या क्षेत्रातला इतिहास तसा मानाचा आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराची शाळा काढली. व्यवसायोपचार म्हणजे रोजच्या कामांतून, धंद्यातून रुग्णाला पुन्हा उभे करणे. पोलिओच्या साथींनी हात-पाय गेलेल्या मुलांची संख्या वाढली, तेव्हा १९५३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था सुरू झाली. तेव्हा कल्पना हीच होती, की डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, कृत्रिम पाय बनवणारे, व्यवसायाचा सल्ला देणारे, सर्वांनी एका छताखाली एकाच माणसाचा विचार करावा. मग सत्तर वर्षांनी ही कल्पना मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरपर्यंत का पोचली नाही? गरज तर आहेच. या रस्त्यावरचे अपघात, जिनिंगमध्ये सापडलेले हात, झाडावरून पडून मोडलेले मणके, रक्तदाबाने येणारे लकवे, यांतले काही आपल्या तालुक्यालाही चुकलेले नाही.

एक कारण तुमच्या फार जवळचे आहे. दहावीचा निकाल लागला की तुम्ही अकरावीचा अर्ज भरता. फिजिओथेरपीला जायचे तर विज्ञान शाखा, जीवशास्त्र आणि नीट परीक्षा. मानसशास्त्र शिकायचे तर बहुतेक ठिकाणी कला शाखा. पंधरा-सोळाव्या वर्षी एकाच बाकावरच्या दोघांच्या वाटा फुटतात. पुढे एक मुंबई-पुण्याच्या फिजिओथेरपी महाविद्यालयात जातो, तेथे मानसशास्त्राचा एक लहानसा विषय पास होण्यापुरता वाचतो. दुसरी मानसशास्त्रात एम. ए. करते, तिला गुडघ्याच्या सांध्याचे नावही घ्यावे लागत नाही. नोंदणीची दप्तरेही वेगळी. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तर फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे. एकमेकांची भाषा न शिकलेली ही दोन माणसे पुढे एका रुग्णाबद्दल बोलणार तरी कशी? शिवाय आपल्याकडे कला शाखेला कमी लेखण्याची एक वाईट सवय आहे. 'मार्क कमी पडले म्हणून आर्ट्स' असे म्हणणारे पालक मी रोज पाहतो. ज्या विषयातून दुबळ्या हाताचा नवा उपचार निघाला, तो विषय कमी मार्कांचा कसा?

यावर माझे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, "अहो, चांगला फिजिओथेरपिस्ट रुग्णाशी गोड बोलतोच. त्याला वेगळा मानसशास्त्रज्ञ कशाला? आणि तालुक्याच्या गावी तो आणायचा कोठून, पगार कोण देणार?" पहिला आक्षेप मला पटत नाही. गोड बोलणे हा स्वभाव आहे, उपचार नव्हे. चांगली शेजारीण प्रेमाने पाय चेपते म्हणून ती फिजिओथेरपिस्ट होत नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. प्रत्येक दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ बसवा असे म्हणणे सोपे आहे, पण तेवढे मानसशास्त्रज्ञ देशातच नाहीत.

म्हणून मी अगदी लहान मागणी करतो. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी सांध्याचा कोन मोजतात. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच तो मोठा भाऊ. तो आकडा कागदावर लिहितात, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजतात. त्याच कागदावर आणखी दोन प्रश्न असावेत : गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास, निराश वाटले? आणि किती दिवस कशातच रस वाटला नाही? जगभर प्राथमिक तपासणीसाठी हे दोन प्रश्न वापरले जातात. विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. उत्तर काळजीचे असेल तर रुग्णाला जिल्ह्याच्या मानसोपचार विभागाकडे पाठवावे, आणि पाठवताना व्यायामाचा कागद सोबत द्यावा. तेथल्या तज्ज्ञाने आपले मतही त्याच कागदावर लिहून परत पाठवावे. दोघांची भेट महिन्यातून एकदा फोनवर झाली तरी चालेल. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फोनवर मोफत मिळतो. या सोयी लकवा झालेल्या शेतकऱ्यासाठीही आहेत हे किती जणांना माहीत आहे?

मदत एकाच दिशेने जाते असेही समजू नका. सौम्य आणि मध्यम नैराश्यावर नियमित व्यायाम उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा मानसशास्त्रज्ञालाही फिजिओथेरपिस्टची तितकीच गरज आहे.

काकांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. आठ-नऊ महिन्यांनी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. तिने हात किती उचलतो हे पाहण्याआधी विचारले, "बाबा, तुम्हाला काय करायचं आहे?" बराच वेळ काका बोलले नाहीत. मग म्हणाले, परसात एकट्याने जायचे आहे, पण त्या पायरीची भीती वाटते. चार-पाच इंचांची दगडी पायरी! जेथे ते कोसळले होते, तीच. इतक्या महिन्यांत आम्हा कोणाला ते सुचले नव्हते. तिने आठवडाभर फक्त त्या पायरीवर काम केले. आधी नुसते समोर उभे राहणे, मग एक पाय, मग दोन, भिंतीला धरायला लाकडी दांडा. आणि तिनेच त्यांना धुळ्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. तेथे औषध सुरू झाले. आज काका काठी घेऊन पारापर्यंत जातात. हात पूर्ववत झाला नाही. उजव्या हाताने भाकरी मोडताना डाव्याने ती दाबून धरता येते, इतके झाले आहे. ते पहिले महिने मिळाले असते तर किती झाले असते, हे सांगता येणार नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हाला यातून एक चांगली वस्तू करता येईल. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात 'आरशाची पेटी' वापरली. हात कापलेल्या कित्येकांना तो हात अजून आहे आणि दुखतो आहे असे वाटते. रामचंद्रन यांनी पेटीत उभा आरसा ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल असे केले. डोळ्यांना दोन हात दिसतात, आणि काहींचे दुखणे कमी होते. पुढे पक्षाघाताच्या रुग्णांच्या व्यायामातही हा आरसा आला.

पेटी करणे सोपे आहे. पुठ्ठ्याचे एक मोठे खोके घ्या, त्याची वरची बाजू काढून टाका आणि मधोमध फूटभर लांबीचा आरसा उभा बसवा, काचेची बाजू उजवीकडे. समोरच्या बाजूला आरशाच्या दोन्ही अंगांना हात जातील अशी दोन भोके पाडा. उजवा हात आरशासमोर, डावा आरशामागे ठेवा. आरशात पाहत दोन्ही मुठी एकाच वेळी उघडा आणि मिटा. थोड्या वेळाने मित्राला तुमच्या डाव्या हाताचे बोट हळूच ओढायला सांगा, उजवा मात्र स्थिर ठेवा. काय वाटले ते लगेच वहीत लिहा, कारण ते चटकन विसरते. आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावायला विसरू नका. घरात किंवा शेजारी कोणाचा हात लुळा असेल तर ही पेटी आपण होऊन त्यांच्यापुढे ठेवू नका. आधी त्यांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.